ग्रीष्मातील सायंचंक्रमण आणि द्रव्यपरिचय : आंब्याच्या रानवाटेवर

ग्रीष्म ऋतूत व्यायाम किती व कोणता करावा, या प्रश्नाचे उत्तर आपणा सर्व वैद्यबंधुभगिनींस मुखोद्गत आहे. अडचण आहे ती आचरणाची. आपण रुग्णास दिनचर्या सांगतो, ऋतुचर्येचा छापील कागद हाती देतो आणि स्वतः मात्र सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत चिकित्सालयातील खुर्चीत बसून राहतो. आस्यासुख हे प्रमेहाचे पहिले कारण म्हणून आपण शिकलो. आज आमच्या वयाच्या, म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या वैद्यमित्रांत रक्तशर्करेची गोळी घेणारे किती आहेत, हे एखाद्या स्नेहसंमेलनातील जेवणाच्या पंगतीत सहज कळते.

दुसरी उणीव याहून अधिक गंभीर आहे. पदवी अभ्यासक्रमात द्रव्यगुण शिकताना वनस्पतीची ओळख होते ती वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यातून अथवा महाविद्यालयाच्या उद्यानातील पाटीवरून. पुढे व्यवसायात पडल्यावर तीच वनस्पती चूर्ण, गोळी वा काढ्याच्या रूपात भेटते. औषधींची नावे व रूपे शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि अन्य वनवासी जाणतात, असे चरकाचार्य सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगतात. मात्र केवळ नामरूप जाणल्याने कोणी वैद्य होत नाही, तर योजना जाणणारा तो खरा वैद्य, असेही ते लगेच स्पष्ट करतात. आज चित्र उलटे झाले आहे. आपणांस योजना ठाऊक आहे, पण नामरूप हरवले आहे.

या दोन्ही उणिवांवर एकच उपाय आम्हास गेल्या काही वर्षांत सापडला आहे. शाहूवाडी परिसरातील आम्ही काही वैद्य व दोन फार्मसीचालक दरवर्षी वैशाखात एक सायंकाळ आंबा गावाच्या रानवाटेवर काढतो. गेल्या वैशाखातील अशाच एका सायंकाळचा हा वृत्तांत. तो केवळ सहलीचे वर्णन होऊ नये, वाचकांस चिकित्सेत व निर्मितीत उपयोगी पडावा, अशा हेतूने लिहीत आहोत.

तालुका एक, देश तीन

कोल्हापूर-रत्नागिरी महामार्गाने पश्चिमेकडे निघाले की बांबवड्याच्या आसपास बाभूळ, बोर, निंब अशी मोकळ्या माळाची झाडे दिसतात. मलकापूर ओलांडताच ऐन, किंजळ, जांभूळ यांची दाटी सुरू होते. आंब्याला पोहोचेतो अंजनी, जांभूळ व पिसा यांचे सदाहरित रान आपणांस वेढून टाकते. तासाभराच्या या प्रवासात जांगल, साधारण आणि आनूप हे तिन्ही देश एकाच तालुक्यात अनुभवास येतात. देशविचार शिकविण्यासाठी यापेक्षा सोपा पाठ आमच्या पाहण्यात नाही. जांगल अथवा साधारण देशातील औषधी ग्रहण करावी, असे कल्पस्थानात सांगितले आहे. ज्या वैद्याने हा फरक डोळ्यांनी पाहिला आहे, तोच व्यापाऱ्यास विचारू शकेल की, “हा माल कोणत्या रानातला?”

शाहूवाडीचा हा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कण्यावर वसलेला आहे. उत्तरेस चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान असून ते २००४ साली घोषित झाले, आणि २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. दक्षिणेकडे विशाळगड असून त्याच्या परिसरातील वनास संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास राज्य वन्यजीव मंडळाने डिसेंबर २०२० मध्ये मान्यता दिली. जुलै १६६० मध्ये छत्रपती शिवाजी महाराज पन्हाळगडाहून विशाळगडाकडे गेले, आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड लढवून तिची पावनखिंड केली, ती याच तालुक्यात. आषाढातील चिखलात, रात्रीच्या अंधारात ती वाट तुडविणाऱ्या मावळ्यांच्या बलाचे प्रमाण आजच्या वैद्यांस लावू नये, एवढेच नम्रपणे सुचवावेसे वाटते.

व्यायामाची मात्रा

ग्रीष्मात वाताचा संचय होतो, कफ क्षीण होतो व देहबल सर्वांत अल्प असते. म्हणून वाग्भटाचार्य शीतकाळी व वसंतात अर्धशक्ती व्यायाम सांगतात आणि इतर ऋतूंत त्याहूनही मंद. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे, मुखाने श्वास घ्यावा लागणे, ही अर्धशक्तीची लक्षणे आपण जाणतो. ग्रीष्मात ही लक्षणे दिसण्यापूर्वीच थांबावे, असा आम्ही दंडक ठेवला आहे. सुश्रुताचार्यांनी देहास अतिपीडा न देणाऱ्या चंक्रमणाची प्रशंसा करून ते आयु, बल, मेधा व अग्नी वाढविणारे आणि इंद्रियांस जागृत करणारे म्हटले आहे. सायंकाळची रानवाट या वर्णनास तंतोतंत उतरते.

आम्ही पावणेपाचच्या सुमारास चालू लागलो. मे महिन्यात आपल्याकडे सूर्यास्त सातच्या आसपास होतो, त्यामुळे दीड-दोन तास हाती राहतात. जाताना दीड-दोन किलोमीटर आणि येताना तेवढेच, यापेक्षा अधिक अंतराचा आग्रह नव्हता. आमच्यापैकी एक वैद्य उच्च रक्तदाबाचे, दुसरे गुडघ्याच्या संधिवाताचे. सर्वांत मंद चालणाऱ्याच्या गतीने सर्वांनी चालावयाचे, हा नियम. बोलता बोलता चालता आले पाहिजे. बोलणे तुटू लागले की बसावयाचे. सोबत साधे पाणी, कैरीचे पन्हे व साखर घातलेले सातूचे पातळ पेय होते. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात घरोघरी ताकाचा आग्रह होतो. परंतु शास्त्राने उष्णकाळी ताकाचा निषेध सांगितला आहे, तेव्हा वैद्यांनी तरी पिशवीत ताकाची बाटली नेऊ नये.

वाटेवरील द्रव्ये

वाटाड्या म्हणून गावातील एक वयोवृद्ध धनगर मामा होते. गुरांमागे या रानात त्यांचे सारे आयुष्य गेलेले. त्यांना आम्ही संस्कृत नावे सांगितली व त्यांनी आम्हास झाडे दाखविली, असा हा व्यवहार होता.

पहिलाच पाठ कुटजाचा झाला. वाटेच्या उजव्या हातास पांढऱ्या फुलांनी लगडलेली दोन झुडपे होती. आमच्यातील एका तरुण वैद्यांनी दोन्हींस कुटज म्हटले. मामा म्हणाले, “ह्यो पांढरा कुडा, त्यो काळा.” मग बारकाईने पाहिले. पांढरा कुडा म्हणजे होलॅऱ्हेना. याच्या फुलाच्या घशाशी झालर नसते आणि शेंगा जोडीने येत असल्या तरी टोकाशी सुट्या असतात. काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. याच्या फुलात मध्यभागी पांढऱ्या तंतूंची झालर दिसते आणि कोवळ्या शेंगांची जोडी टोकाशी चिकटलेली असते. चीक दोहोंसही येतो, म्हणून चिकावरून निवाडा करू नये. खरा भेद रसात आहे. पांढऱ्या कुड्याचे बी म्हणजे कडू इंद्रजव, तर काळ्याचे बी गोडा इंद्रजव म्हणून बाजारात येते. प्रवाहिकेच्या रुग्णास कुटजघनवटी देऊनही गुण न आल्यास निदानाबरोबर द्रव्याचीही शंका घ्यावी, ती याचसाठी.

पुढे उतारावर गेळ भेटला. हेच आपले मदनफळ. काटेरी, बुटके झाड. फूल उमलताना पांढरे व नंतर पिवळसर होणारे. गतवर्षीची काही पिवळी फळे अजून फांदीवर होती. मदनफळ वसंत व ग्रीष्म यांच्या मध्यंतरी, पिकलेले व पांडुरवर्ण असे घ्यावे, ते धान्याच्या राशीत आठ दिवस ठेवून मग उन्हात वाळवावे व आतील बी निवडावे, असा विधी चरकाचार्यांनी दिला आहे. पंचकर्म करणाऱ्या कितीजणांनी वमनाचे हे प्रधान द्रव्य झाडावर पाहिले आहे, असा प्रश्न आम्ही तेथेच एकमेकांस विचारला. सातांपैकी दोघांनी हात वर केला.

हिरड्यास मोहोर होता. फळे हिवाळ्यात पक्व होतील. त्यापूर्वीच कोवळी पडलेली वा उतरविलेली फळे वाळवून जी मिळते ती बाळहिरडी. बाळहिरडी व पक्व हरितकी या दोन्हींचा उपयोग आहे, परंतु एकीच्या जागी दुसरी वापरणे योग्य नव्हे. अंजनीची जांभळी फुले सरत आली होती. करवंदे मात्र ऐन भरात होती व त्यांच्यासाठी वेळेच्या नियोजनात आम्ही उदारपणे सूट दिली.

साल काढलेला अर्जुन

ओढ्याच्या काठी आम्ही थांबलो, ते एका जुन्या अर्जुनसादड्यापाशी. पुरुषभर उंचीपर्यंत त्याच्या खोडाची साल पूर्ण घेराने काढलेली होती. कुऱ्हाडीचे घाव काष्ठापर्यंत गेलेले. वरची पालवी अजून हिरवी होती, म्हणून प्रथमदर्शनी झाड जिवंत वाटत होते. मामा खोडावर हात ठेवून म्हणाले, “माझ्या बापाच्या येळंपास्नं हाय ह्ये झाड. आता दोन पावसाळं बी काढायचं न्हाई.” थोडे थांबून त्यांनी विचारले, “डॉक्टर, ह्येची साल तुमच्याच औषधाला जाती न्हवं?”

या प्रश्नाचे उत्तर देणे कोणास सोपे नव्हते. हृद्रोगात अर्जुनत्वक् आपण सर्वच वापरतो. अर्जुनारिष्ट, क्षीरपाक, चूर्ण, सर्वांसाठी लागते ती सालच.

या झाडाच्या बाबतीत काय घडले, हे समजून घेऊ. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतील थरातून मुळांकडे जाते. पूर्ण घेराची साल निघाली की मुळांचा आहार तुटतो. साठविलेल्या अन्नावर झाड काही काळ तग धरते आणि मग उभ्या उभ्या वाळते. याउलट खोडाच्या एका बाजूची उभी पट्टी घेतली, काष्ठास इजा होऊ दिली नाही आणि ती जागा भरून येईपर्यंत झाडास हात लावला नाही, तर अर्जुनास नवी साल येते. दोन्ही पद्धतींत मिळणारे औषध तेच आहे. फरक इतकाच की एकीत झाड राहते.

शास्त्रदृष्ट्याही ही साल सदोषच होती. त्वचा, कंद व क्षीर यांचे ग्रहण शरदात, मुळांचे ग्रीष्मात वा शिशिरात, सारभागाचे हेमंतात, असा क्रम चरकाचार्य सांगतात. सुश्रुताचार्यांचे मत थोडे निराळे असून सौम्य द्रव्ये सौम्य ऋतूंत व आग्नेय द्रव्ये आग्नेय ऋतूंत घ्यावीत, असे ते म्हणतात. कषाय रसाच्या, शीतवीर्य अर्जुनाची साल मे महिन्यातील उन्हात ओरबाडणे या दोन्ही मतांत बसत नाही. आपल्या परवानाप्राप्त फार्मसीत गाळणी, भट्टी व वेष्टन निर्दोष असेल. पण हा दोष द्रव्यात प्रवेशतो तो कारखान्याच्या दारापूर्वी, आणि तेथे आपला कोणीही उपस्थित नसतो.

आमच्यासोबतचे एक फार्मसीचालक परतीच्या वाटेवर फारसे बोलले नाहीत. पुढील आठवड्यात त्यांनी आपल्या पुरवठादारास तीन प्रश्न विचारले : साल कोठली, कोणत्या महिन्यातली, आणि कोणी काढली? तिन्हींचे उत्तर “बाजारातून” असेच आले. त्यांनी तालुक्यातील काही शेतकऱ्यांशी बोलणे करून त्यांच्या बांधावरील व ओढ्याकाठच्या खासगी अर्जुनांची साल शरदात, पट्टी पद्धतीने घेण्याचे ठरविले. भाव बाजारापेक्षा अधिक द्यावा लागला. सर्व गरज भागली नाही, हेही खरे. पण त्या सालीच्या पोत्यावर आता गाव, महिना व काढणाऱ्याचे नाव लिहिलेले असते. आमच्या मते ही लहान गोष्ट नव्हे.

अशोक आणि नरक्या

अर्जुनाची ही कथा अशोकाच्या बाबतीत अधिक चिंताजनक आहे. खरा अशोक, सराका असोका, सह्याद्रीच्या सदाहरित रानात ओढ्यांच्या आश्रयाने वाढतो. तो आता असुरक्षित वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. त्याची साल मागणीस पुरत नाही, म्हणून रस्त्याकडेला लावल्या जाणाऱ्या उंच, सरळ आसुपालवाची, म्हणजे पॉलिअल्थियाची साल अशोक म्हणून विकली जाते. दोन्हींचे कूळसुद्धा निराळे आहे. एकात शेंग येते, दुसऱ्यात जांभळासारख्या लहान फळांचे घोस. झाडावर पाहिले तर शाळकरी मूलही फसणार नाही; पण सालीच्या तुकड्यांत तज्ज्ञही सूक्ष्मदर्शकावाचून खात्री देऊ शकत नाही. रक्तप्रदराच्या रुग्णेस महिनोन्महिने अशोकारिष्ट देऊन उपशय न मिळाल्याची उदाहरणे प्रत्येकाच्या नोंदवहीत असतील.

नरक्याचे उदाहरण आणखी वेगळे. नोथापोडायटिस निम्मोनियाना या नावाचे, दुर्गंधी लाकडाचे हे लहान झाड आपल्या संहितांतील औषध नव्हे. परंतु कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य यात विपुल असल्याचे भारतीय शास्त्रज्ञांनी १९७२ साली दाखविले. हेच द्रव्य १९६६ साली एका चिनी वृक्षातून प्रथम वेगळे करण्यात आले होते आणि इरिनोटेकान, टोपोटेकान ही अर्बुदावरील आधुनिक औषधे त्यापासूनच बनतात. परिणामी कोल्हापूर व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील रानांतून नरक्याची चोरटी तोड होत आली आहे. कर्करोगाच्या रुग्णास जीवदान देणारे औषध आणि ज्या रानातून ते येते त्याचा ऱ्हास, ही दोन्ही टोके एकाच झाडास बांधलेली आहेत. आपले शास्त्र यात थेट सहभागी नाही म्हणून आपण निर्धास्त राहणे उचित नाही. कारण तोडणारा हात अनेकदा तोच असतो, आज नरक्या, उद्या अर्जुन.

याउलट देवराईत शिरताच फरक जाणवतो. देवाच्या भीतीने अथवा भक्तीने, तेथील काटकीही कोणी उचलत नाही. पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात केला आणि या परंपरेचे मोल अभ्यासकांपुढे ठेवले. औषधी ग्रहण करणाऱ्याने शुचिर्भूत व मंगलाचारयुक्त असावे, ही संहितेतील अपेक्षा आम्हास देवराईच्या सावलीत उभे असताना कर्मकांड न वाटता मर्यादेचा नियम वाटली.

कायदा आणि काळजी

जैविक विविधता कायदा २००२ चा असून २०२३ ची त्याची दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. उपजीविकेसाठी व्यवसाय करणाऱ्या नोंदणीकृत आयुष वैद्यांस, तसेच लागवड केलेल्या औषधी वनस्पतींस तीत सवलती आहेत. मात्र भारतीय वन अधिनियम १९२७ व वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ यांतून कोणासही सूट नाही, हे फार्मसीचालकांनी विसरू नये. वनक्षेत्रात जाताना वनखात्याची परवानगी घ्यावी, स्थानिक वाटाड्या सोबत असावा आणि रानातून पानही तोडू नये. ओळखीसाठी छायाचित्र पुरेसे आहे.

या परिसरात गव्यांचा वावर मोठा आहे. संध्याकाळी ते पाण्याकडे उतरतात. गवा दिसल्यास स्तब्ध राहावे, त्यास वाट द्यावी. सूर्यास्तापूर्वी रानाबाहेर यावे. चांदण्याचा आस्वाद गावाच्या रस्त्यावर घ्यावा. वैशाखात दुपारनंतर वळवाचे ढग जमू लागल्यास, गडगडाट ऐकू येताच परतावे व एकट्या झाडाखाली उभे राहू नये. पायांत बूट व लांब मोजे असावेत. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात माकडतापाचा उद्रेक झाला होता. तो गोचिडीमार्फत पसरतो, म्हणून घरी आल्यावर सर्वांग तपासावे, स्नान करावे व कपडे गरम पाण्यात धुवावेत. सर्पदंश झाल्यास तो अवयव हलू न देता रुग्णास विनाविलंब प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. या प्रसंगी वैद्याने आपल्या पिशवीतील औषधात वेळ दवडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काही सूचना

आमच्या अल्प अनुभवावरून पुढील सूचना वाचकांपुढे ठेवतो. प्रत्येक तालुका शाखेने वर्षातून निदान चार वेळा, ऋतू बदलेल तसे, एकाच रानवाटेवर चालावे. फूल, फळ व पानगळ यांची नोंद एका वहीत ठेवावी. नव्या वैद्यांस त्या वेळी आवर्जून न्यावे. फार्मसीचालकांनी कच्च्या मालाच्या प्रत्येक पोत्यामागे स्थान, मास व संग्राहक यांची नोंद मागावी. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या लागवड व संग्रह यांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांतही माल कोठून व केव्हा आला याच्या नोंदीवर भर आहे. अर्जुन व अशोक यांची रोपे ज्याच्या बांधावर जागा आहे त्याने लावावीत. आज लावलेल्या झाडाची साल आपणांस मिळणार नाही, आपल्या पुढच्या पिढीस मिळेल. पण आज आपण जी वापरतो तीही कोणी तरी लावलेल्या अथवा राखलेल्या झाडाचीच आहे.

पुढील चंक्रमण आम्ही शरदात, म्हणजे सालीच्या ग्रहणकाळी योजिले आहे. त्या वेळी शेतकऱ्यांच्या बांधावर पट्टी पद्धतीचे प्रात्यक्षिक होईल. जिल्ह्यातील वैद्यांनी व फार्मसीचालकांनी आपापल्या शाखेमार्फत कळवून सहभागी व्हावे, ही विनंती.